मुंज्याला कोणी मारलं?

डिटेक्टिव्ह गोष्टीत भुताला प्रवेश नाही. हा नियम माझा नव्हे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज गृहस्थांनी १९२९ साली रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा नियम घालून दिले, त्यातला हा दुसरा. दैवी किंवा अमानवी शक्ती चालणार नाही, विषय संपला! तिसरा नियम त्याहून मजेदार आहे: गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. आणि खरी गंमत म्हणजे हे नॉक्ससाहेब पेशाने कॅथलिक धर्मगुरू होते. रविवारी देवाचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात रहस्यकथेतून चमत्कार हद्दपार करायचे, असा त्यांचा कारभार.

पण माणूस मुद्द्याचं बोलत होता. विचार करा, बंद खोलीत खून झालाय, दाराला आतून कडी आहे, खिडकीला गज आहेत. आपण तीनशे पानं डोकं खाजवतोय आणि शेवटच्या पानावर लेखक सांगतो की खुनी भिंतीतून आरपार गेला, कारण तो भूत होता. काय कराल? मी तर पुस्तक भिंतीवर मारेन. रहस्यकथा म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातला एक करार असतो. जे डिटेक्टिव्हला दिसलं ते मलाही दाखव, मग बघू कोण आधी ओळखतो. जादू आली की हा करार मोडला. "काहीही होऊ शकतं" असं म्हटल्यावर "हे कसं झालं?" या प्रश्नात काही अर्थच उरत नाही.

माझ्या लहानपणीची पुस्तकंसुद्धा अशीच दोन खणांत वाटलेली होती. एका खणात चांदोबा, त्यातले राक्षस, पऱ्या, बोलणारे पोपट. दुसऱ्या खणात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश फेणे ट्टॉक् करून जिथे जाईल तिथे भानगड आणि भानगडीमागे हाडामांसाचा कोणीतरी लबाड माणूस. त्या काळच्या साहसकथांत भूत आलंच तर शेवटी ते भूत नसायचंच. पडक्या वाड्यात रात्री दिवा हलतोय? स्मगलर. स्मशानात पांढरी आकृती? स्मगलर, चादर पांघरून. शेरलॉक होम्सच्या 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'मध्ये (१९०२) तो नरकातून आलेला कुत्रा असतो, त्याच्या तोंडाला चमकणारं रसायन फासलेलं निघतं. अमेरिकेत १९६९ पासून चाललेल्या स्कूबी-डू कार्टूनची तर सगळी इमारतच यावर उभी आहे: शेवटी भुताचा मुखवटा ओढायचा आणि आतून कोणीतरी खडूस शेजारी काढायचा.

मला हे आवडायचं. अजूनही आवडतं. पण या फॉर्म्युल्यात एक अडचण आहे. चार पुस्तकं वाचली की मुलाला कळतं, भूत खोटंच असणार. मग भीतीही गेली आणि निम्मं रहस्यही गेलं!

इथे माझी मुलगी वाचायला लागली आणि तिच्या मागोमाग मीही लहान मुलांची पुस्तकं पुन्हा वाचायला लागलो. इथल्या गावोगावच्या पब्लिक लायब्ररीत पुस्तकांच्या पाठीवर छोटे स्टिकर लावलेले असतात, भिंग म्हणजे रहस्यकथा, ड्रॅगन म्हणजे फँटसी वगैरे. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली मुलांची उत्तमोत्तम पुस्तकं अशी आहेत की त्यांच्यावर हे दोन्ही स्टिकर लावावे लागतील. नॉक्सचा नियम मोडूनही ही पुस्तकं वाचकाशी बेइमानी करत नाहीत. हे कसं जमतं, हा प्रश्न इंजिनियरच्या डोक्याला चावणारच.

(पुढे हॅरी पॉटरच्या पहिल्या तीन पुस्तकांतली रहस्यं फोडली आहेत. ज्यांनी वाचली नाहीत त्यांनी आधी वाचून या. मी थांबतो.)

हॅरी पॉटर म्हटलं की लोकांना झाडू, जादूच्या कांड्या आणि घुबडं आठवतात. पण पुस्तकाचा सांगाडा बघितलात तर तो चक्क डिटेक्टिव्ह कादंबरीचा आहे. पहिल्या पुस्तकात (१९९७) बँकेवर दरोडा पडतो, शाळेत काहीतरी लपवलंय, आणि ते चोरायला कोण टपलंय याचा शोध तीन मुलं घेतात. संशयित तयार आहे: तेलकट केसांचा, तिरसट, हॅरीचा दुस्वास करणारा स्नेप. क्विडिचच्या सामन्यात हॅरीचा झाडू उधळतो तेव्हा स्नेप त्याच्याकडे टक लावून काहीतरी पुटपुटत असतो. झालं! हर्मायनी धावत जाते, त्याच्या झग्याला आग लावते आणि हॅरी वाचतो. पुरावा भक्कम. फक्त लेखिकेने जाता जाता एक छोटी गोष्ट सांगितलेली असते. धावताना हर्मायनीचा धक्का लागून बिचारे प्रोफेसर क्विरल तोंडावर पडले. आपण हसतो आणि पुढे जातो. शेवटी कळतं, झाडूवर मंत्र टाकत होता तो क्विरल, आणि स्नेप उलटा मंत्र म्हणून हॅरीला वाचवत होता. मंत्र तुटला तो आगीमुळे नव्हे, त्या धक्क्यामुळे. लेखिकेने काहीही लपवलेलं नव्हतं. आपण बघितलं नाही.

याच पुस्तकात मुलं निकोलस फ्लॅमेल हे नाव लायब्ररीत आठवडेच्या आठवडे शोधत असतात, आणि ते नाव पार मागे, आगगाडीत खाल्लेल्या चॉकलेटबरोबरच्या कार्डावर छापलेलं असतं. ज्याची मुलं छाप-काट्यापेक्षा कार्डंच जास्त जमवतात त्या बापाला हे फार पटेल. शिवाय शेवटच्या अडथळ्यांत एक आहे सात बाटल्यांचं कोडं. तिथे जादूचा काही उपयोग नाही, निव्वळ तर्क. आणि ते सोडवताना हर्मायनी म्हणते, मोठमोठ्या जादूगारांकडे तर्कबुद्धी औषधालासुद्धा नसते, ते इथेच अडकून पडतील. जादूच्या शाळेची गोष्ट आणि शेवटाच्या जवळ परीक्षा तर्काची!

दुसऱ्या पुस्तकातलं (१९९८) कोडं मला इंजिनियर म्हणून सर्वांत आवडतं. शाळेत एकामागून एक जण दगडासारखे थिजून पडतात, पण मरत कोणी नाही. भिंतीतून आवाज येतो तो फक्त हॅरीला ऐकू येतो. कोळी रांग लावून पळून चाललेत. कोणीतरी कोंबडे मारलेत. हे चार लॉग वेगवेगळे वाचले तर अर्थहीन, एकत्र मांडले तर एकच उत्तर: बॅसिलिस्क, ज्याच्या नजरेला नजर मिळाली की मृत्यू. तो सापच, म्हणून सापांची भाषा समजणाऱ्या हॅरीलाच ऐकू येतो. तो फिरतो पाण्याच्या पाइपांतून. मग कोणी मेलं का नाही? कारण सरळ कोणी पाहिलंच नाही. मांजरीने पाहिलं फरशीवरच्या पाण्यात, एकाने कॅमेऱ्यातून, एकाने पारदर्शक भुताच्या आरपार, हर्मायनीने आरशात. साप काल्पनिक आहे, पण उत्तराची प्रत्येक पायरी शास्त्राच्या वहीत शोभेल अशी.

तिसऱ्या पुस्तकात (१९९९) तर कमाल आहे. रॉनचा उंदीर बारा वर्षं घरात आहे. दुकानातली बाई सांगते की साधा उंदीर जगतो तीनेक वर्षं. त्याच्या पायाचं एक बोट नाही. एका मेलेल्या माणसाचं फक्त एक बोट सापडलं होतं. माणसाला प्राणी होता येतं हे वर्गात शिकवून झालेलं आहे. मांजर सारखं त्या उंदराच्या मागे आहे. आणि आपण? आपण मांजराला शिव्या घालतोय!

म्हणजे युक्ती काय आहे? जादू चालेल, पण जादूचा नियम गुन्ह्याच्या आधी सांगायचा. भिंतीतून जाणारी माणसं या जगात आहेत हे विसाव्या पानावर सांगितलंत, त्यांना लोखंडी भिंत अडवते हेही सांगितलंत, तर तीनशेव्या पानावर "खुनी भिंतीतून गेला" हे उत्तर बेइमानी नाही. उलट मग वाचक विचारेल, भिंत कशाची होती? आणि तोच खरा डिटेक्टिव्हचा प्रश्न. ब्रँडन सँडरसन या अमेरिकन फँटसी लेखकाने २००७ साली हेच जरा वेगळ्या अंगाने मांडलं. वाचकाला जादू जितकी नीट समजलेली असेल, तितकाच तिचा उपयोग लेखकाने अडचण सोडवायला करावा. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी स्पेसिफिकेशन, मग डिलिव्हरी. उलटं केलं की क्लायंट बोंब मारणार.

हा नियम पाळणं किती अवघड आहे हेही त्याच मालिकेत दिसतं. तिसऱ्या पुस्तकात काळात मागे जाण्याचं यंत्र आलं आणि गोष्ट झकास झाली. पण मग पोरं विचारतातच, मागे जाता येतं तर पुढच्या पुस्तकांत मेलेल्यांना का नाही वाचवलं? पाचव्या पुस्तकातल्या (२००३) मारामारीत लेखिकेने त्या यंत्रांचा सगळा साठा फोडून टाकला. चौथ्यात (२०००) खरं बोलायला लावणारं औषध आलं. मग सिरियसला बारा वर्षं तुरुंगात टाकण्याआधी दोन थेंब का नाही पाजले? माझ्या मुलीने हे मला जेवताना विचारलं होतं, मी भाजी आणखी वाढून घेतली. जादूची प्रत्येक नवी वस्तू म्हणजे आधीच्या सगळ्या रहस्यांना पाडलेलं भोक असतं. लहान वाचक ती भोकं बरोबर शोधतात. त्यांच्याइतका निर्दय टेस्टर मी नोकरीतही पाहिलेला नाही.

इथवर आलो आणि मला आमचा वेताळ आठवला. आपण समजतो की हा फँटसी-रहस्याचा मेळ सायबाकडून आला. छे! वेताळपंचविशी बघा. अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागर रचला त्यातही ती आहे, म्हणजे गोष्ट त्याहून जुनीच. स्मशान, झाडाला लटकणारं प्रेत, त्यात शिरलेला वेताळ. यापेक्षा भुताटकी ती काय असणार? पण प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तो वेताळ राजाला प्रश्न काय विचारतो? तर्काचा! नवऱ्याचं आणि त्याच्या सोबत्याचं डोकं धडावेगळं झालं, बायकोने घाईत भलत्या धडावर भलतं डोकं बसवलं, देवीने दोघांना जिवंत केलं. आता तिचा नवरा कोणता? डोकी जोडली जाणं हा चमत्कार आहे, त्यावर वेताळ चर्चा करत नाही. तो चमत्कार हे दिलेलं गृहीतक. प्रश्न त्यानंतरचा आहे. राजा म्हणतो, शरीरात डोकं श्रेष्ठ, म्हणून डोकं ज्याचं तो नवरा. पटो न पटो, उत्तर कारणासकट आहे. (गिरीश कार्नाडांना ते तितकंसं पटलं नसावं, म्हणून तर त्यांनी 'हयवदन' लिहिलं.) आणि नियम किती कडक! उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं, बोललास तर मी निघालो झाडावर. स्पेसिफिकेशन पहिल्याच रात्री हातात.

बंगालीत सत्यजित राय यांनी फेलूदाच्या 'सोनार केल्ला'त (१९७१) आणखी तिसरीच वाट काढली. एका लहान मुलाला मागचा जन्म आठवतो, तो सोन्याच्या किल्ल्याची चित्रं काढतो. त्याच्या मागे बदमाश लागतात, कारण त्यांना वाटतं याला गुप्तधन माहीत आहे. मागचा जन्म खरा की खोटा यावर राय निकाल देत बसत नाहीत, पण बदमाशांना फेलूदा पकडतो तो निव्वळ नजरेच्या आणि मेंदूच्या जोरावर. अमेरिकेत लुई सॅकरच्या 'होल्स'मध्ये (१९९८) असाच एक घराण्याचा शाप आहे. खापरपणज्याने डुक्कर चोरलं म्हणून लागलेला! शाप खरा होता की नुसता योगायोग, हे लेखक वाचकावर सोडतो. खड्ड्यांत काय शोधताहेत याचं उत्तर मात्र चोख देतो.

आता येतो ज्या पुस्तकामुळे हे सगळं लिहायला बसलो त्याकडे. जोनाथन स्ट्राउड या इंग्रज लेखकाची 'लॉकवुड अँड कंपनी' ही पाच पुस्तकांची मालिका, २०१३ ते २०१७. (२०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिकाही आली, एका सीझनमध्ये गुंडाळली.) या गोष्टीतल्या इंग्लंडमध्ये पन्नासेक वर्षांपासून भुतांची साथ पसरली आहे. भुताचा स्पर्श प्राणघातक. आणि भुतं दिसतात-ऐकू येतात ती फक्त लहान मुलांना, मोठं झालं की ही शक्ती जाते. त्यामुळे भुतं पकडायच्या कंपन्यांत कामाला मुलं, आणि मोठी माणसं सुपरवायझर. (आमच्याकडेही साधारण असंच असतं म्हणा.) भुतापासून बचाव कशाने? लोखंड, मीठ, चांदी.

हे वाचून मी थबकलोच. बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या उशीखाली अडकित्ता किंवा सुरी ठेवणारी आपली माणसं, दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्या ओवाळणारी आपली माणसं लंडनमध्ये कधी गेली?

पण खरी गोष्ट पुढे आहे. या पुस्तकांत भूत नुसतं पळवून चालत नाही. प्रत्येक भुताचं एक मूळ असतं. कधी हाडं, कधी एखादी अंगठी, जिच्याशी ते बांधलेलं आहे. ते सापडलं नाही तर भूत रोज रात्री परत. आणि ते शोधायचं तर आधी शोधावं लागतं की हा कोण होता, कसा मेला, कोणी मारला. म्हणजे जुनी वर्तमानपत्रं चाळा, घराचे नकाशे काढा, शेजाऱ्यांना विचारा. भूत खरं आहे, म्हणूनच तपास करायचा! स्कूबी-डूच्या बरोबर उलट. आम्ही ऑफिसात ज्याला रूट कॉज म्हणतो, तेच. मशीन बंद पडलं की झटका देऊन चालू करणारे पुष्कळ असतात, पण ते का बंद पडलं हे शोधलं नाही तर पुढच्या मंगळवारी पहाटे तीनला पुन्हा फोन येतो.

त्या सुमारास आई इथे सहा महिन्यांसाठी आली होती. आजीकडून रोज रात्री एक भुताची गोष्ट, असा नातीचा हप्ता ठरलेला. आईचं माहेर कोकणात. मुंजा, हडळ, गिऱ्हा, समंध, सगळी मंडळी तिच्या घरच्यासारखी ओळखीची. एके रात्री तिने तिच्या वाडीतल्या मुंज्याची गोष्ट सांगितली. विहिरीजवळचा पिंपळ, त्यावरचा मुंजा, संध्याकाळनंतर तिकडे फिरकायचं नाही, वगैरे. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतो.

"आजी, मुंजा म्हणजे कोण?"

"मुंज झालेला मुलगा. सोडमुंज व्हायच्या आधी गेला तर त्याचा मुंजा होतो."

"मग हा कसा मेला?"

"विहिरीत पडला म्हणे."

"पडला, का कोणी ढकललं?"

"अगो, मला काय ठाऊक! माझ्या जन्माच्याही आधीची गोष्ट ती."

"त्याचे आईबाबा काय म्हणाले?"

"त्याला आईबाप नव्हते. काकाकडे असायचा."

"मग त्याचं घर आणि शेत नंतर कोणाला मिळालं?"

यावर आई गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "काकाला. आणखी कोणाला मिळणार? झोप आता."

दोन दिवसांनी मेथी निवडता निवडता आई आपणहून मला म्हणाली, "त्या पिंपळाकडे जाऊ नका म्हणून सगळ्यात जास्त कोण बजावायचं ठाऊक आहे? त्या काकाच्याच घरचे. आम्ही भ्यायचो फक्त. तो पोर मेला कसा, हे कधी कोणी विचारलंच नाही रे."

मी हे मुलीला सांगितलं, मला वाटलं ती खूश होईल, केस सुटली म्हणून. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पण बाबा, काका स्नेपसुद्धा असू शकतो ना? वाईट वाटतो, पण त्याने केलंच नसेल."

आता सांगा. फायदा कोणाला झाला हे बघ, पण तेवढ्यावर कोणाला फासावर चढवू नकोस. हे दोन्ही तिला मी शिकवलेलं नाही. कोणी शिकवलं ते उघड आहे.

त्या दिवसापासून मला आपल्या भुतांकडे वेगळ्याच नजरेने बघायची सवय लागली आहे. मुंजा म्हणजे अकाली गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडालेला किंवा बुडवलेला. समंध म्हणजे निर्वंश मेलेला, वाड्यातल्या ठेव्यावर जीव अडकलेला. ही नुसती भुतांची यादी नाही, ही मृत्यूच्या कारणांची यादी आहे! प्रत्येक भूत म्हणजे फाइल न उघडलेली एक केस. ती बाळंतीण सुईणीविना का मेली? त्या निर्वंश म्हाताऱ्याचे दागिने कोणी उचलले? गावाने भीतीचं झाकण ठेवलं आणि प्रश्न आत कोंडून राहिला. भाऊबंदकीच्या आपल्या देशात हे झाकण कोणाकोणाच्या सोयीचं होतं, हे काय सांगायला हवं?

यावर एक रास्त आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानत नाही. मुलांना खरी भुतं असलेली पुस्तकं दिली तर ती अंधश्रद्ध नाही का होणार? आपल्या राज्यात हा वाद पुस्तकी नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. अंगात येणं, भानामती, करणी यांपायी आजही माणसं मारली जातात. अशा ठिकाणी "भूत खोटंच असतं" असं सांगणारे भागवत आणि फेणे हवेतच. त्यांनी आमच्या पिढीवर मोठे उपकार केले आहेत.

गंमत अशी की अमेरिकेत याच पुस्तकांवर नेमक्या उलट बाजूने हल्ला झाला. इथले विरोधक धार्मिक होते. मुलं जादूटोण्याकडे वळतील आणि देवाला सोडतील, ही त्यांची भीती. २००१ च्या डिसेंबरात न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावात एका चर्चने हॅरी पॉटरची होळी केली. आर्कान्सामधल्या सीडरव्हिल गावी शाळेच्या लायब्ररीतून ही पुस्तकं घ्यायला आईबापांची चिठ्ठी लागेल असा नियम झाला, तो २००३ साली फेडरल कोर्टाने रद्द केला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २००० ते २००९ या दशकातल्या सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत ही मालिका पहिल्या नंबरावर आहे.

मला वाटतं, दोन्हीकडच्या लोकांनी पुस्तकातली जादू पाहिली आणि पुस्तकाची पद्धत पाहिली नाही. अंधश्रद्धा म्हणजे भुतावर विश्वास, एवढंच नसतं. अंधश्रद्धा म्हणजे प्रश्न विचारणं बंद करणं. बुवा सांगतो "करणी केली आहे", आणि विचारायची सोय नसते की कोणी, कधी, कशावरून, आणि या सांगण्याचे तुम्हाला किती मिळाले? जादूचे नियम आधी सांगून, पुरावे समोर मांडून, खोट्या संशयिताच्या मागे धावायला लावून शेवटी "बघ, तुला दिसत होतं, तू पाहिलं नाहीस" असं म्हणणारी गोष्ट मुलाला नेमकी हीच सवय लावते. पोराला चांगलं ठाऊक असतं की बॅसिलिस्क नसतो. आरशाचा आणि पाण्याचा तो युक्तिवाद मात्र त्याच्याजवळ राहतो.

अर्थात सगळीच पुस्तकं अशी नसतात. जिथे शेवटी कोणीतरी गुरू प्रकट होऊन अंगारा फुंकतो आणि सगळं ठीक होतं, ते रहस्य नव्हे आणि धड फँटसीही नव्हे. तो आळस आहे.

आणि म्हणून माझं एक मागणं आहे, तिथल्या लिहिणाऱ्या मंडळींकडे. मराठीत नारायण धारपांनी समर्थांच्या कथांत भूत आणि तपास एकत्र आणला, पण ते मोठ्यांसाठी. मुलांसाठी ही जागा अजून बरीचशी मोकळी आहे. योगायोग बघा, २०१७ चा 'फास्टर फेणे' आणि २०२४ चा 'मुंज्या' हे दोन्ही सिनेमे आदित्य सरपोतदार या एकाच दिग्दर्शकाचे. म्हणजे दोन्ही खण एका माणसाने उघडून झालेत. आता कोणीतरी ते एकाच पुस्तकात आणा की! एक वाडी, एक पिंपळ, एक बारा वर्षांची चौकस पोरगी, तलाठ्याकडचा जुना सातबारा आणि काहीतरी सांगू पाहणारा पण बोलता न येणारा मुंजा. नियम पहिल्या प्रकरणात सांगा. आणि काका दोषी आहे की नाही, हे मला शेवटपर्यंत कळू देऊ नका.

तोवर ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांची वाचणारी मुलं आहेत त्यांनी 'लॉकवुड' जरूर द्यावं. रेबेका स्टेडचं 'व्हेन यू रीच मी' (२००९) त्याहून शांत आहे. १९७९ सालच्या न्यूयॉर्कमधल्या एका मुलीला चिठ्ठ्या यायला लागतात, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला पुढे घडणाऱ्या गोष्टी आधीच ठाऊक असतात. याला २०१० सालचं न्यूबेरी पदक मिळालं. कोण लिहितं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की उत्तर सगळं डोळ्यांसमोर असतं, आणि कळल्यावर घशाशी काहीतरी दाटून येतं. इंग्रजी जड जात असेल तर फेलूदा मराठीत आहे, हॅरी पॉटरही आहे. आणि काहीच हाताशी नसेल तर वेताळ आहेच. फक्त गोष्ट संपल्यावर उत्तर लगेच सांगून टाकू नका. मुलांना आधी भांडू द्या.